भंडारा उचलला तो दिवस

साक्ष मी आजवर पुष्कळदा दिली आहे. बेळगावच्या आमच्या चर्चच्या मंडळीत नवा माणूस आला की पाळक मला उभं करतात — सांगा, तुम्ही प्रभूकडे कसे आलात. मी थोरला मुलगा गेला तिथून सुरू करतो आणि वेदगंगेच्या पाण्यातल्या बाप्तिस्म्यावर थांबतो. बायका डोळे पुसतात. त्यात एक अक्षर खोटं नाही. पण मी जिथं थांबतो, त्याच्या पुढे काय झालं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं आज पहिल्यांदाच सांगतोय.

आमचं गाव निपाणीजवळ. निपाणीत तंबाखूच्या वखारीत मी हिशेब बघायचो. थोरला संकेश्वरहून मोटारसायकलवरून येत होता. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर कुणी आलं नाही. मला बेरीज जमेनाशी झाली. खरंच — एकच रकाना वरून खाली केला की एक उत्तर, खालून वर केला की दुसरं.

त्या दिवसांत सुमनआक्का यायची. नर्सचं काम करून निवृत्त झालेली ख्रिस्ती बाई, गावात भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी. बायकोचं बीपी तपासायला यायची आणि तपासून झालं तरी बसून राहायची. ‘देवाची मर्जी’ असं न म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

रविवारी तिच्या खोलीत चार-पाच जण प्रार्थनेला जमायचे. दार उघडं असायचं. एका रविवारी मी चपला काढून आत जाऊन बसलो. का गेलो? सांगता येत नाही. कुणी काही विचारलं नाही. तिनं प्रार्थनेत माझ्या मुलाचं नाव घेतलं. मला वाईट वाटेल म्हणून गावानं ते नाव घेणं सोडलं होतं. मी तिथं रडलो, आणि कुणीतरी माझ्याजवळ येऊन बसलंय असं वाटलं — खोलीतल्या माणसांपैकी नव्हे. याहून नीट मला ते मांडता येत नाही. वर्षभरानं मी आणि बायकोनं गुपचूप बाप्तिस्मा घेतला. घरातला देव्हारा तसाच ठेवला. रविवारी वखारीत जादा काम असतं, असं शेजाऱ्यांना सांगायचो.

मग लेकीचं लग्न ठरलं. सोयरीक चांगली होती, आणि ते सोडून घरात आनंदाचं दुसरं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात गावात कुजबुज सुरू झाली. बिरोबाच्या देवळापुढे बैठक बसली. मला बोलावणं आलं.

आमच्याकडे खरं-खोटं करायचं झालं की भंडारा उचलतात. देवापुढची हळद मुठीत घ्यायची आणि सांगायचं. खोटं बोललं तर घर बुडतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. बांधाची भांडणं त्यावर मिटतात. भंडारा उचलून सांगितल्यावर गाव पुन्हा विचारत नाही.

“जातोस का न्हाय त्या बाईकडं?” आप्पांनी विचारलं. ते गावातले सगळ्यांत जुने, माझ्या वडलांचे दोस्त.

मागून कुणीतरी म्हणालं, “हिशेबातला माणूस हाय आप्पा! दोन्ही देवांकडं खातं उघडलं असंल!” सगळे हसले. मीही हसलो.

मूठ भरेपर्यंत मी काय विचार केला, ऐका. तो देव मी आता मानत नाही. म्हणजे माझ्यापुरती ही नुसती हळद. नुसत्या हळदीवर बोललेलं खोटं — त्याचं असं वजन ते किती? इतका नीट विचार मी केला. घाबरून तोंडून निसटलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

“न्हाय जात,” मी म्हटलं. “तिनं बोलावलं हुतं, लई येळा. म्या गेलो न्हाय.”

पहिलं वाक्य पुरेसं होतं. तिनं बोलावलं का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. ते मी का जोडलं? खोटं भक्कम व्हावं म्हणून. आणि ते झालं. आप्पा सगळ्यांकडे वळून म्हणाले, “म्हंजे घरोघर फिरून बोलावती तर बाई.” मला तिथं बोलता आलं असतं. मी हातावरची हळद धोतराच्या टोकाला पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरमालकानं सुमनआक्काला खोली रिकामी करायला लावली. मी सकाळी वखारीला निघालो, तर ती थांब्यावर उभी. ट्रंक, स्टोव्ह, बीपीचं यंत्र पिशवीत. गावातली पाच-सहा माणसंही बसची वाट बघत होती. मी काय बोललो हे तिला रात्रीतच कळलं असणार. आमच्या गावात कळतंच. मी तिच्याकडे पाठ केली.

“अण्णा,” ती म्हणाली, “वहिनींच्या गोळ्या उद्याच्याला संपतील. आठवणीनं आणा.”

मी वळलो नाही. बस आली. तिची ट्रंक कंडक्टरनं वर घेतली.

लग्न थाटात झालं. पुढे मी बेळगावात नोकरी धरली, आणि जिथं मला कुणी ओळखत नव्हतं तिथं उघडपणे चर्चला जाऊ लागलो. हीच माझी धिटाई. सुमनआक्का खानापूरला भाचीकडे गेली होती. तिथंच वारली. मातीला मी गेलो, सगळ्यांत मागे उभा राहिलो. भाचीनं विचारलं, तुम्ही आत्याचे कोण? तोवर लेक सासरी रुळली होती, गाव सुटलं होतं, मला भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी मी म्हटलं, “आमच्याकडं बीपी तपासायला यायच्या.”

ती नुसती हळद नव्हती. आप्पा तिला मानत होते, बैठकीतला प्रत्येक जण मानत होता, म्हणून तर माझं खोटं चाललं. त्यांची श्रद्धा मी वापरली आणि माझी लपवली. पुढच्या रविवारी मला पुन्हा साक्षीला उभं करतील, आणि मी कुठं थांबेन हे मला आजही ठाऊक नाही.

त्या दिवशी देवळापुढे जे सांगायला हवं होतं, ते एवढंच होतं. सुमनआक्कानं मला कधी बोलावलं नाही. दार उघडं होतं. मी माझ्या पायानं गेलो.