गोळी घेतल्यावरचं बोलणं

कटरबाई झोपेची गोळी घेतात हे त्यांच्या लेकीला माहीत नव्हतं, आणि लेक येणार आहे हे कटरबाईंना. रविवारी सकाळी दार उघडलं तर समोर लेक, तिच्या कडेवर नुकती रांगायला लागलेली नात, पायाशी फुगलेली बॅग. आश्चर्य वाटायचंच तर आईला वाटायला हवं होतं. पण नवरा गेल्यापासून बाईंना कशाचंच फारसं काही वाटत नसे. त्या म्हणाल्या, "ये."

"तू म्हणालीस म्हणून धीर झाला, आई," चपला काढता काढता लेक म्हणाली. "नाहीतर अजून तिथेच कुढत बसले असते."

बाईंनी मान डोलावली. आपण काय म्हणालो, कधी म्हणालो, काही म्हणजे काही आठवेना. लेक आंघोळीला गेल्यावर त्यांनी मोबाइल उघडून पाहिला. शुक्रवारी रात्री लेकीचा फोन येऊन गेला होता, चांगला लांबलचक, आणि तोही गोळी घेतल्यानंतरचा. जावई हात उचलतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर आजवर त्यांनी लेकीला एकच सल्ला दिला होता, जरा सांभाळून घे. मग शुक्रवारी असं काय वेगळं बोलून बसलो, हे त्यांना कळेना आणि विचारायची सोय नव्हती.

गोळीचं असं झालं की नवरा गेला आणि पाठोपाठ झोप गेली. थोडेच दिवस घ्यायची, असं बजावून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. पण औषधाचा दुकानदार पडला ओळखीचा. त्याच जुन्या चिठ्ठीवर तो बिनबोभाट पाकीट काढून देई आणि वर तब्येतीची चौकशीही करी, इतका भला माणूस. झोप लागायची, त्याबद्दल तक्रार नव्हती. सकाळी मात्र तोंडात रात्रभर चमचा धरून ठेवल्यासारखी चव असायची, डोकं जड, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकायचा. नवऱ्याची आठवण यायची, पण ती शेजारच्या कुणाच्या तरी नवऱ्याची यावी तशी. रडू येत नाही म्हणजे आपण सावरलो, अशी बाईंनी समजूत करून घेतली. शेजारणींनी तर त्याबद्दल कौतुकही केलं.

कामाला त्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर होत्या. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि विजेच्या पात्याने सगळे थर एका दमात कापायचे. यात एकच मेख असते. दोन थरांची सुलट बाजू समोरासमोर ठेवली तरच एका आखणीत डावी आणि उजवी अशा दोन्ही बाह्या मिळतात. नव्या पोरींना हे घोकून घोकून शिकवणाऱ्या कटरबाईंनी त्या आठवड्यात सगळे थर सुलट बाजू वर करूनच अंथरले आणि कापूनही टाकले. सगळा ढीग उजव्या बाह्यांचा. मालकांनी एक बाही उचलली, दुसरी उचलली आणि शांतपणे विचारलं, "बाई, दोन्ही हात उजवे असलेली मुलं आणायची कुठून?" सगळे हसले. सगळे हसतायत म्हणून बाईही हसल्या. मग मालकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की काही दिवस पात्याला हात लावू नका, घड्या घाला. वर्षानुवर्षांचं काम हातातून गेलं होतं, वाईट वाटायला हवं होतं. बाईंनी पात्यापासून बोटं वाचवणारा जाळीचा हातमोजा काढून खिळ्याला अडकवला आणि घड्या घालायला घेतल्या.

तिकडे लेकीने पॅकिंगचं काम मिळवलं. पाळी रात्रीची. नात आजीजवळ झोपेल, असं तिने गृहीतच धरलं होतं, आणि बाईही हो म्हणून मोकळ्या झाल्या. आता गोळी बंद, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि कुणाला न सांगता केलीही. दोन रात्री छताकडे बघण्यात गेल्या. अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, हात असे थरथरायला लागले की चहा बशीत सांडे. शेवटी डॉक्टरांकडे गेल्या, तर ते उखडलेच. इतके दिवस घेतलेली गोळी अशी एकदम तोडायची नसते, फिटसुद्धा येऊ शकते, म्हणाले. थोडी थोडी कमी करत जायची, त्याला काही महिने लागतील.

लेकीची पाळी सोमवारपासून सुरू होणार होती.

आता खरं सांगितलं, तर ज्या बोलण्याच्या भरवशावर लेक घर सोडून आली ते बोलणं गोळीचं होतं, हेही तिला कळणार. मग बॅग उचलून ती पुन्हा नवऱ्याच्याच दारात जाऊन उभी राहिली तर? बाईंना भीती वाटत नव्हती. भ्यायला हवं, एवढं मात्र कळत होतं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी लेक पोरीला भात भरवत होती, तेव्हा त्या समोर जाऊन बसल्या.

"मी रात्री झोपेची गोळी घेते," त्या म्हणाल्या. "पोर रडली तरी मला जाग येणार नाही. पलंगावरून पडली तरी नाही. तिला माझ्या भरवशावर ठेवू नकोस."

लेकीचा हात थांबला. "मग त्या दिवशी फोनवर?"

"आठवत नाही."

"काहीच?"

"तू फोन केलास हेच मुळी मोबाइल बघून कळलं. काय म्हणाले होते मी?"

लेकीने वाटी खाली ठेवली. दाराजवळ अजून तशीच ठेवलेल्या बॅगेकडे तिने पाहिलं. पोरीने वाटीत हात घालून भात जमिनीवर पसरला, तिला कुणी अडवलं नाही.

"म्हणालीस, मला तू हवी आहेस, बाकी कुणी काही म्हणो," लेक म्हणाली. "जन्मात असं कधी बोलली नव्हतीस. मला वाटलं, बाबा गेल्यावर आई बदलली."

हे ऐकून आत काहीतरी हलेल म्हणून बाई थांबल्या. काही हललं नाही.

"मग आता म्हण," लेक म्हणाली. "जागेपणी."

"मला तू हवी आहेस. बाकी कुणी काही म्हणो." कापडाचं माप सांगावं तसा आवाज निघाला.

"काही वाटलं म्हणताना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण खरं आहे ते."

लेक उठली. आधी तिने पोरीचे हात धुतले, मग मोबाइल घेऊन खिडकीशी गेली. जावयाला फोन लावत असेल, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या जमिनीवरची शितं वेचत बसून राहिल्या. लेक पलीकडच्या माणसाला विचारत होती, दिवसपाळीला एखादी जागा आहे का, जवळ पाळणाघर आहे का म्हणून.