शिवलेले धडे

आमच्या शाळेत दहावीच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेआधी सहा आठवडे दोन प्रकारचे कागद वाटले जात. पांढऱ्या कागदांवर सगळ्या धड्यांची उजळणी असे. पिवळ्या कागदांवर केवळ उत्तीर्ण होण्यापुरते प्रश्न असत. व्याख्या, शास्त्रीय कारणे, दोन-तीन आकृत्या आणि जवळपास दरवर्षी येणारे तक्ते. ही पिवळ्या गठ्ठ्याची कल्पना माझी होती. मी विज्ञान शिकवतो, आणि बरीच वर्षे दहावीचा वर्गशिक्षकही आहे. शाळा आंदर मावळाच्या तोंडाशी आहे. मी लोणावळ्याहून मोटरसायकलने येतो.

गठ्ठ्याचा उपयोग होत नसे असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या नावाने हातपाय गळणारी काही मुले त्याच्या आधाराने सुटली. त्यांतला एकजण आज सोमाटण्याजवळच्या कारखान्यात कामाला आहे, आणि रस्त्यात दिसला की मोठ्या प्रेमाने मला ‘पिवळे सर’ म्हणून हाक मारतो.

गठ्ठा देताना मी एक सूचना करत असे, दरवर्षी त्याच शब्दांत. “शेवटच्या महिन्यात हाव करायची नाही. एवढंच वाचायचं. बाकीच्या धड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. आणि पेपरात ज्याचा सराव केलेला नाही, त्या प्रश्नावर वेळ घालवायचा नाही.” पिवळे कागद कोणाला द्यायचे हे पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून ठरे. गुणांची बेरीज मी करत असे. त्या बेरजेमागे काय आहे हे पाहण्याचा प्रघात नव्हता, आणि तो मी पाडलाही नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या तुकडीत एक मुलगी होती. चौथ्या बाकावर खिडकीकडे बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचे गाव शाळेपासून बरेच आत आहे. सकाळी एक एसटी, तीही भरवशाची नाही. पूर्वपरीक्षेत विज्ञान आणि गणित या दोन्ही विषयांच्या दिवशी ती तासभर उशिरा वर्गाच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या वेळी मी म्हणालो, “या पाहुणीबाई. उरलेल्या वेळात काय लिहिणार आहात?” वर्ग हसला. ती आत येऊन बसली आणि लिहू लागली. उशीर का झाला, हे मी विचारले नाही. विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते.

कागद वाटण्याच्या दिवशी तिच्या हातात पिवळा गठ्ठा पडला. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

“सर, मला पांढरे पण मिळतील का?”

“आधी हे कर. हे नीट केलंस तरी पास होशील.”

“पास नाही सर. मला साठ टक्के...”

“आधी पस्तीस आण. साठाचं मग बघू.”

तिने गठ्ठा दप्तरात ठेवला आणि ती गेली. साठ टक्के कशासाठी हवे होते, हे मी त्या दिवशी जाणून घेतले नाही. पुढे कळले की लोणावळ्यात मुलींचे एक वसतिगृह होते आणि दहावीला किमान साठ टक्के गुण असतील तरच तिथे अर्ज घेत. तिच्या गावी संध्याकाळची एसटी नव्हती. वसतिगृह मिळाले तर अकरावी, नाही तर घर, इतका साधा हिशेब तिच्यापुढे होता. वर्गात तो एवढा स्पष्ट दुसऱ्या कोणापुढे नसेल.

निकाल लागला. शाळेचा निकाल शंभर टक्के होता. गावात शिरताना दिसेल असा फलक लागला, त्यावर पहिल्या तीन मुलांची छायाचित्रे होती आणि खाली मार्गदर्शक म्हणून माझे नाव. तिला अठ्ठावन्न पूर्णांक साठ टक्के मिळाले. म्हणजे पाचशेपैकी दोनशे त्र्याण्णव. साठाला सात गुण कमी. गुणपत्रिका तिच्या हातात देताना मी म्हणालो, “बघ, झालीस की नाही पास?” ती म्हणाली, “हो सर.” त्या ‘हो’मध्ये मला काही वेगळे ऐकू आले नाही. आनंद ऐकायची तयारी करूनच मी बोललो होतो.

दहावीची मुले जाताना पुस्तके शाळेच्या पुस्तकपेढीत परत देतात, म्हणजे पुढच्या तुकडीला ती वापरता येतात. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी प्रयोगशाळेत बसून ती पुस्तके वेगळी करत होतो. विज्ञानाच्या एका पुस्तकाची काही पाने उघडेनात. आधी वाटले, पाने ओली होऊन चिकटली असावीत. नीट पाहिले तर ती शिवलेली होती. बाहेरच्या कडेला जाड निळ्या दोऱ्याने सरळ धावदोरा घातला होता, गोधडीला घालतात तसा. गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण धडा, भिंगांचा पूर्ण धडा आणि पुढचे आणखी दोन. टाके सारख्या अंतरावर होते. घाईने केलेले काम ते नव्हते. पुस्तकाच्या लेबलावर तिचे नाव होते.

मी ब्लेडने दोरा कापला. भिंगांच्या धड्याच्या समासांत पेन्सिलीने किरणाकृती काढलेल्या होत्या. प्रत्येक उदाहरण सोडवले होते. एका ठिकाणी चिन्हाची चूक करून तिने ती स्वतःच खोडली होती आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘बहिर्वक्र असेल तर धन’. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती. ती दिवाळीच्या सुटीतली होती. म्हणजे मी पिवळे कागद वाटले, त्याच्या कितीतरी आधी या मुलीचा हा धडा पूर्ण झाला होता.

कपाटातून त्या वर्षीची बोर्डाची प्रश्नपत्रिका काढली. भिंगांवर पाच गुणांचा प्रश्न होता आणि गुरुत्वाकर्षणावर तीन गुणांचे उदाहरण. त्याच पद्धतीची उदाहरणे समासात सुटलेली होती. पाच आणि तीन आठ होतात. तिला सात हवे होते. शिपाईमामा कुलूप लावायला आले तेव्हा त्यांना थांबायला सांगून पुस्तक पिशवीत घातले.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर गाडी एका गोठ्याच्या कडेला लावली आणि उरलेले अंतर चाललो. या वाटेने ती पाच वर्षे आली-गेली होती आणि मी एकदाही आलो नव्हतो. तिची आई अंगणात बियाण्याचे भात पाखडत होती. मुलगी पाणी घेऊन आली. मी पुस्तक पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले. ते पाहून तिने मान खाली घातली. तिला वाटले असावे, शाळेचे पुस्तक खराब केले म्हणून सर रागवायला आले आहेत.

“हे तू का शिवलंस?” मी विचारले.

उत्तर आईने दिले. “तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, बाकीच्या धड्याकडं बगायचं सुदीक न्हाई म्हून? तिला राहवंना. सारकी तीच पानं उघडून बसायची. मंग म्हनली, आई, सुई दे. म्या म्हनलं, गोधडीला टाका घाल म्हनलं तर तुजी बोटं दुकत्यात, आन पुस्तकाला बरी शिवाय बसलीस.”

“आई, गप ना,” मुलगी म्हणाली.

“गप काय? खोटं सांगते व्हय मी?”

मी मुलीकडे वळलो. “पेपरात भिंगांचा प्रश्न आला होता. तो सोडवलास?”

“नाही सर. वाचला. आकृती आठवत होती. पण तुम्ही म्हणाला होतात, सराव नसेल त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. दहा मिनिटं उरली होती. मी पिवळ्यातलंच परत तपासलं.”

मग मी पूर्वपरीक्षेच्या उशिराचे विचारले. पाच महिने उशिराच विचारले. त्या दोन्ही दिवशी एसटी आली नव्हती. पहिल्या दिवशी ती दूध घेऊन जाणाऱ्या गाडीतून आली, दुसऱ्या दिवशी चालत. “सांगितलं का नाहीस?” हा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. तो गिळला, कारण ‘पाहुणीबाई’ मला आठवले. आणि साठ टक्क्यांचे तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचे वाक्य पुरे होऊ न देणारा मीच होतो.

मी त्या दोघींसमोर म्हणालो की चूक माझी झाली. हे वाक्य मी वाटेत अनेक प्रकारे जुळवले होते. ओट्यावर ते फार छोटे निघाले. आईने सूप खाली ठेवले. मुलगी म्हणाली, “ठीक आहे सर.” मला ते ‘ठीक आहे’ ऐकून बरे वाटले नाही, आणि बरे वाटू नये हेच योग्य होते.

मग मी श्रेणीसुधाराची सोय सांगितली. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसता येते. पहिली संधी जुलैच्या पुरवणी परीक्षेत होती.

“सगळे विषय परत?” तिने विचारले.

“सगळे.”

“जुलैत म्हंजी ऐन लावनीत,” आई म्हणाली. चिखलात उतरायला घरात ही दोनच माणसे होती. वडील तळेगावकडे कामाला जात आणि अंधार पडल्यावर परतत. आईने सुपातले चार दाणे हाताने बाजूला सारले. “लावनीचं मी बगते. पर सर, ह्या बारीला तिला काय वाचाय सांगायचं ते आदी तिला इचारून सांगा.”

ते मी पाळले. शाळा उघडल्यावर ती मधल्या सुटीत प्रयोगशाळेत येऊन बसू लागली. हातात तीन आठवडे होते. मी तिला कागद दिले, पण कोरे. एक धडा घ्यायचा, पुस्तक मिटून त्यातले आठवेल तेवढे कागदावर उतरवायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेनाने त्यात भरायचे. दुसऱ्या दिवशी फक्त लाल तेवढेच पुन्हा. भिंगांच्या कागदावर पहिल्या दिवशी निम्मे लाल होते. दिवाळीत पक्के असलेले चार महिने शिवून ठेवल्याने पुसट झाले होते. चौथ्या दिवशी लाल दोन ओळींवर आले. गणितात मात्र तिला मदत लागली, तिथे माझे एक सहकारी धावून आले. दर शनिवारी ती घड्याळ लावून एक पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवी, आणि एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हा नियम आम्ही केला. एवढ्या वर्षांत मी मुलांना काय सोडायचे हेच शिकवत आलो होतो. एखाद्या मुलाला काय येते हे शांतपणे पाहायला मी तेव्हा, पन्नाशी ओलांडल्यावर, शिकलो.

एकदा तिची बोटे चिखलाने फाटलेली होती आणि तिला पेन नीट धरवत नव्हते. मी म्हणालो, आज राहू दे. ती म्हणाली, “नको सर, डाव्या हाताची दुखतात. लिहायची बरी आहेत.”

निकाल ऑगस्टअखेरीस आला. पासष्ट पूर्णांक चाळीस. मी लगेच वसतिगृहात चौकशीला गेलो. तिथल्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि सौजन्याने सांगितले की यंदाच्या जागा जुलैतच भरल्या आहेत, पुढच्या जूनमध्ये अर्ज करा. मी आणखी दोनदा जाऊन विनंती केली. बाईंचे उत्तर तेच होते आणि ते चुकीचे नव्हते. मुलगी ते वर्ष घरी राहिली. भात कापले, झोडले, आईबरोबर गुरांचे केले. मी अधूनमधून अकरावीची पुस्तके पाठवत होतो. तिने ती वाचली. पण गेलेले वर्ष पुस्तके पाठवून परत येत नाही, याची मला कल्पना आहे.

पिवळा गठ्ठा मी त्याच वर्षी बंद केला. मुख्याध्यापकांना कारण सांगितले. त्यांना ते फारसे पटले नाही. पुढच्या वर्षी शाळेत दोन मुले अनुत्तीर्ण झाली आणि शंभर टक्क्यांचा फलक लागला नाही. त्या दोघांनाही तोच गठ्ठा दिला असता तर ती दोघे कदाचित सुटली असती. ही टोचणीही मला आहेच, आणि ती या मुलीच्या गोष्टीने फिटत नाही.

पुढच्या जूनमध्ये ती वसतिगृहाचा अर्ज घेऊन सहीसाठी आली. शेवटच्या पानावर एक चौकट होती, ‘शिक्षणात खंड पडल्याचे कारण’. तिने निळ्या शाईने लिहिले होते, ‘घरगुती कारण’. त्याखाली वर्गशिक्षकाची सही हवी होती.

“हे खरं नाही,” मी म्हणालो. “खोड हे. खरं कारण मी लिहितो आणि खाली सही करतो.”

“सर, खोडाखोड केलेला अर्ज घेत नाहीत. वर लिहिलंय बघा.”

“मग नवीन अर्ज आणू.”

“आज शेवटची तारीख आहे.” आणि मग, मला समजावल्यासारखे, “राहू द्या ना सर. जागा मिळाली म्हणजे झालं.”

माझ्यामुळे तिचा आणखी एखादा दिवस जावा, अशी माझी इच्छा नव्हती. मी सही केली. जागा मिळाली, आणि ती आता बारावीला आहे. त्या अर्जावर मात्र तिच्या घराच्या नावावर लागलेले कारण माझ्या सहीसह कोणत्या तरी फाइलमध्ये आहे. तिच्या घरात तसे कोणतेही कारण घडले नव्हते. कारण मी होतो. त्या चौकटीत लिहिता आले नाही, म्हणून ते इथे लिहिले आहे.