साबणाची वडी

सरांनी सहामाहीचा निकाल वाचला. सातवीत पहिला नंबर माझा. दुसरा पाटलाच्या सुधाकरचा.

मी उठून उभी राहिले. आमच्या शाळेची रीतच होती, पहिला नंबर ज्याचा तो मॉनिटर. आणि मॉनिटरचं मानाचं काम एकच. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या माठाजवळ उभं राहायचं, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं साऱ्या पोट्ट्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग माठाकडे पाहिलं.

“मॉनिटर सुधाकर राहील,” ते म्हणाले. “तू बस.”

“काऊन सर? नंबर तं माहा आला.”

सर एरवी पुस्तकातलं बोलत. राग आला की पुस्तक गळून पडे. “काऊन म्हनते वर तोंड करून! नंबर आला म्हनजे झालं का सारं? अंगात गुण लागते, गुण!”

त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, आदर्श विद्यार्थ्याचे गुण. त्याखाली स्वच्छता. नम्रता. आज्ञाधारकपणा. समाधान. साऱ्या वर्गानं ते उतरवून घेतलं. मीही घेतलं, सुंदर अक्षरात. अभ्यास हा शब्द त्यात कुठंच नव्हता, आणि ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पंच्याहत्तरच्या आसपासची ही गोष्ट. आष्टीच्या बाजाराला पायी जाता येईल असं आमचं खेडं. शिवाशिव कायद्यानं कधीच गेली होती. ती गेल्याचा धडा आमच्या पुस्तकात होता आणि तो सरांनीच शिकवला होता. मग आता त्याच तोंडानं ‘तू खालच्या वस्तीतली, माठाला हात लावू नको’ कसं म्हणणार? म्हणून त्यांनी गुण शोधून काढले. माझा एक हात माठापासून लांब ठेवायला त्या माणसाला अख्खा फळा भरावा लागला. हे आज कळतं. तेव्हा काय कळत होतं, कप्पाळ!

तेव्हा मला वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी असेल.

संध्याकाळी माय पाटलाच्या वावरातून कापूस वेचून आली. बाप त्याच पाटलाकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीनं बांधलेला. मी मायला विचारलं, “माय, आपल्या लोकायत गुण नसते का व?”

“कोन म्हने?”

“सर म्हने.”

माय जराशी विचारात पडली. शाळेतला माणूस खोटं बोलेल, हे तिच्या डोक्यातच येईना. “मंग शिक ना बाई थे बी,” ती म्हणाली. “गणित शिकली तं हे काय अवघड हाय!”

आणि मी शिकले. अहो, जीव लावून शिकले! रोज शाळा सुटली की नाल्यावर जाऊन फ्रॉक घासायची. एकच फ्रॉक. थंडीत वाळायचा नाही, तर ओलाच घालून वर्गात बसायची. सरांशी बोलताना जमिनीकडे बघायची. बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची. समाधान म्हणजे काय ते नीट समजलं नव्हतं. मी त्याचा अर्थ लावला, विचारायचं नाही.

त्याच दिवसांत समीकरणं सुरू झाली. बरोबरच्या चिन्हापलीकडे आकडा नेला की अधिकचा उणे होतो. काऊन होतो? मला काही केल्या उमगेना. आधीची मी असते तर हात वर केला असता. आता तोच हात मी मांडीखाली दाबून बसले.

सुधाकरनं मात्र विचारलं. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. सर खूश. त्याला जवळ बोलावून पाटीवर समजावलं आणि वर्गाला म्हणाले, “पाहा, किती जिज्ञासू मुलगा आहे!”

जिज्ञासू! त्यानं विचारलं तर जिज्ञासू, मी विचारलं तर तोंडाळ. त्यानं धडा पाठ केला तर स्मरणशक्ती, मी केला तर घोकंपट्टी. तो चुकला तर घाईघाईत चुकला, मी चुकले तर जातीवर गेले. एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर! आणि मी येडी, ओला फ्रॉक अंगावर घेऊन सद्गुणी होत बसले होते.

पुढच्या चाचणीत मी गणितात काठावर पास झाले. नंबर कुठच्या कुठं घसरला. सरांनी पेपर हातात दिला आणि हसले. माझ्याकडे बघून ते पहिल्यांदाच हसले होते.

“आता कशी शहान्या पोरीसारखी झाली!”

माझे मार्क गेले तेव्हा हा माणूस माझ्यावर खूश झाला. राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

ते कळलं गॅदरिंगला.

मैदानात मांडव घातला होता. बक्षिसं द्यायला पाटील आले होते. सुधाकरला कंपासपेटी मिळाली. मग सरांनी माईकवर माझं नाव पुकारलं, स्वच्छता आणि नम्रतेचं खास बक्षीस म्हणून. मी स्टेजवर गेले. पाटलांनी बोटं लागणार नाहीत अशा बेतानं वरून माझ्या हातात वस्तू सोडली.

साबणाची वडी. कपडे धुवायची, पिवळी.

सर माईकवर म्हणाले, “या लोकांनाही वळण लावता येतं, याचं ही मुलगी जिवंत उदाहरण आहे.”

टाळ्या पडल्या. मांडवाबाहेर कुंपणापाशी माझे मायबाप उभे होते. बापही टाळ्या वाजवत होता. पोरीला बक्षीस मिळालं म्हणून हसत होता. तो बिचारा हसत होता आणि मला ते बघवेना. पायापासून डोक्यापर्यंत आग लागली.

मी साबण टेबलावर ठेवला, पाटलांच्या पुढ्यात. माईक सरांच्या हातातच होता, त्यामुळं माझं बोलणं मैदानभर ऐकू गेलं.

“मी घान नाई, सर. मले साबन नको. मले समीकरण येत नाई, थे शिकवा.”

पाटील बापाकडे बघून म्हणाले, “सालदाराची पोट्टी लयच बोलाले लागली रे.”

घरी बापानं हात जोडले. “उद्या पाटलाचे पाय धर, बाई. माहं साल तोडलं तं खाऊ काय?”

“नाई धरत.”

त्यानं माझ्या कानाखाली मारली. आयुष्यात एकदाच. माय चुलीपाशी पुटपुटत होती, “म्याच म्हनलं थे बी शिक म्हनून. माहीच मती मारली गेली.” आणि पाटलानं पाडव्याला खरंच बापाचं साल तोडलं. शेवटी त्याला हमालीसाठी वर्ध्याच्या कापूस बाजारात जावं लागलं. ते ओझं माझ्या डोक्यावर आहे, मी नाकारत नाही. पण ते मी ठेवलेलं नाही. ज्यानं ठेवलं, त्याचं नाव मला ठाऊक आहे.

गॅदरिंगनंतर शाळा भरली त्या दिवशी गणिताचा तास होता. मी हात वर केला.

“हात खाली,” सर म्हणाले.

मी उठून उभी राहिले. “अधिकचा उणे काऊन होते, सर?”

पोट्टे हसले. सरांनी छडी उचलली. “नम्रता गेली वाट्टे साऱ्या गावासमोर!”

“गेली,” मी म्हटलं.

छडी पोटरीवर बसली. पुन्हा बसली. मी रडले नाही असं सांगणार नाही. रडले. पण रडताना मला एक पक्कं कळलं होतं. त्या फळ्यावर लिहिलेला एकही गुण मला शिकवणार नव्हता, गप्प तेवढा करणार होता. मी वाईट म्हणवून घेईन. उद्धट, तोंडाळ, वळण नसलेली, जे म्हणायचं ते म्हणा. पण मला आलं नाही ते मी विचारीन, आणि ज्याचं काम शिकवायचं आहे त्याला शिकवायला लावीन.

“काऊन होते, सर?” मी पुन्हा विचारलं.