‘दुरुस्ति’तील ऱ्हस्व वेलांटी

मित्रहो,

माझी सून वैशाली गारखेड्यातील आमच्या घरातून एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळते. जुन्या संगणकांचा प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी झोपतो. तो नीट जागा व्हावा, हे त्या सॉफ्टवेअरचे काम. नव्या आवृत्तीचे मराठी टिपण मी तपासतो. ती प्रसिद्ध करण्याचे काम मात्र आता एक आज्ञावली आपोआप करते.

आज सकाळी ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या, दौलताबादजवळच्या एका शाळेतील शिक्षिकेचा मला फोन आला. "सर, कॉम्प्युटर झोपले की उठतच नाईत. बारा वाजता पोरांची परीक्षा हाय."

वैशालीने दोष दूर केला. मी टिपणाच्या शीर्षकातील ‘दुरुस्ति’ हा शब्द ‘दुरुस्ती’ असा केला आणि आवृत्ती अडकली.

"बाबा, वेलांटी बदलली का? आज्ञावली शीर्षकात तोच शब्द शोधते, सापडला तरच आवृत्ती सोडते. मी तिथं ऱ्हस्वच लिहिलीय."

"मग आज्ञावली अशुद्ध आहे."

"व्हय, पण ती बदलली तर सगळं पुन्हा तपासावं लागंल. साडेअकरा झालेत."

ज्या वेलांटीसाठी मी आयुष्यभर विद्यार्थ्यांचे गुण कापले, ती आज स्वहस्ते ऱ्हस्व केली. आवृत्ती लगेच बाहेर पडली. परीक्षेपूर्वी फोन आला, "सर, समदे उठले."

दुपारी वैशालीने आज्ञावलीतील शब्द सुधारला. प्रसिद्ध झालेल्या टिपणाखाली माझे नाव आहे; त्या टिपणातला शब्दही सुधारू का, असे तिने विचारले. मी म्हणालो, "राहू दे."

आपण जाणूनबुजून राहू दिलेली अशी एखादी चूक तुमच्याही नावावर आहे का?