चावणारा डबा

माझ्या सासूला काहीही चावतं. मुंगी चावते, डास चावतो, नवी चप्पल चावते, नव्या लुगड्याचा काठही चावतो. त्यामुळे "तुहा डब्बा चावते वो मले" असं त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी हसले. दुसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा गप्प बसले. तिसऱ्यांदा म्हणाल्या आणि माझी खात्री पटली, की इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

डबा म्हणजे माझा बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय. जाळीदार पत्र्याचा, जेवणाच्या डब्याएवढा. एका बाजूनं घरातली लाईट घेतो, दुसऱ्या बाजूनं बारा व्होल्ट देतो. लग्नाआधी मी वाशीमच्या आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. लग्न होऊन आसेगावात आले आणि ते शिक्षण भाकरीच्या पिठात गेलं. बऱ्याच वर्षांनी, मागच्या दिवाळीनंतर, पडवीच्या कोपऱ्यात मी एक टेबल मांडलं आणि हा डबा शेलूबाजारहून आणला. त्याच्यावर टाकी भरली की वाजणारी घंटी केली, चुलीजवळ छोटा पंखा लावला, पडवीत आणि स्वयंपाकघरात एलईडीच्या पट्ट्या लावल्या. जुने पिवळे बल्ब काढून माळ्यावर टाकले. घरात व्होल्टेज दोनशे असो की दीडशे, माझी पट्टी एकसारखी उजळ. मला त्या उजेडाचा फार गर्व होता, खोटं कशाला सांगू.

जोडणीत मी काही कसर ठेवली नव्हती. तीन पिनचा प्लग लावला. हिरवी वायर डब्याच्या पत्र्याला जोडून प्लगच्या तिसऱ्या पिनमधून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नेली, म्हणजे आत कधी काही बिघडलं तर करंट माणसात न जाता जमिनीत जावा. असा डबा चावणार कसा?

पण तो कोपरा पूर्वी मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. तिथं त्यांची खाट असायची. ते गेल्यावर खाट उचलली, तरी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, रोज दुपारी तिथंच बसायच्या. फरशीवर पाणी शिंपडायच्या, गारव्याला अनवाणी पाय पसरायच्या आणि कोनाड्यातल्या चंचीतून सुपारी काढायच्या. कोनाडा नेमका माझ्या टेबलामागं. चंची घ्यायला हात डब्यावरूनच न्यावा लागे. मी चंची दुसऱ्या खिडकीत ठेवली, ती संध्याकाळी परत कोनाड्यात. पुन्हा हलवली, पुन्हा परत. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला डबा चावतो ते माणूस चंची डब्यामागंच कशाला ठेवील?

मी व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लावला. बरोबर बारा. त्यांच्यासमोर डब्यावर तळहात ठेवला. काही नाही.

"पाहा," मी म्हटलं.

"तुले कायले चावन? तुहाच हाय तो."

हे उत्तर मला झोंबलं. त्या मला पाण्यात पाहतात असं मला वाटायचं होतंच, आता पुरावाही मिळाला. उन्हाळा तापला तशा त्यांच्या तक्रारीही वाढल्या. सकाळी डबा गरीब, दुपारी चावरा. हिवाळाभर एकदा नाही चावला, आणि चैत्र लागल्यावर दात फुटले? आमचे हे आत कूलरसमोर पडून असत. कूलर हळू फिरतो म्हणून मोटरीला शिव्या देत, आणि आमचं ऐकून न ऐकल्यासारखं करत. शेवटी एकदा म्हणाले, "पाय बाप्पा, माईले तरास होत असन तर काढून टाक न तो." म्हणजे माझं टेबल जाणार होतं, ते या एका खोटेपणापायी. तसं मी ठरवूनच टाकलं होतं, खोटेपणा.

मी सापळा लावला.

दुपारी पट्ट्या बंदच असतात, त्यामुळे डबा चालू आहे की नाही ते कळत नाही. मी प्लगचं बटन बंद केलं. डब्यावरचा हिरवा दिवा विझला, त्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. मग चपला उंबऱ्याशी काढल्या, पावलांचा आवाज नको म्हणून, आणि दाराआड उभी राहिले. चोर पकडायला आलेल्या शिपायासारखी मी खूश होते, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

आत्याबाई आल्या. पाणी शिंपडलं. आत कूलर घरघरत होता. त्यांनी कोनाड्याकडं हात नेला, मनगट पत्र्याला लागलं आणि त्या "अगाई गं!" म्हणून मागं झाल्या. चंची खाली पडली, सुपाऱ्या फरशीभर घरंगळल्या.

मी पुढं झेपावले. "बटन बंद हाय, आत्याबाई! बंद डब्बा कसा काय चावला?"

हे बाहेर आले. आत्याबाईंनी बटनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मनगट दुसऱ्या हातानं धरलं होतं.

"मी खोटं बोलून राह्यली काय?"

"मंग काय म्हणू? मामाजींच्या जागी माहं टेबल तुमाले पाहवत नाही, असं सरळ सांगा न!"

त्यांचा चेहरा उतरला. मला ते दिसलं, पण माझी जीभ थांबली नाही. "बंद हाय, मेलेला हाय हा डब्बा," म्हणत मी त्याच्यावर फाडकन थाप मारली.

ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी. हात कोपरापर्यंत झिणझिणून मागं फेकला गेला. कूलर तेवढा घरघरत राहिला.

इतके दिवस मला डबा का चावला नव्हता, ते पायाखाली बघितल्यावर कळलं. माझ्या पायात दिवसभर रबरी चपला असतात. आत्याबाई घरात कधीच चप्पल घालत नाहीत.

मी मल्टीमीटर काढला. एक टोक डब्याला, एक ओल्या फरशीला. काटा असता तर थरथरला असता. आकडा सत्तर व्होल्टच्या पुढं गेला. प्लग उपसला की शून्य. म्हणजे डब्यात करंट आतून येत नव्हता, हिरव्या वायरीतून येत होता. बटन बंद केलं तरी ती वायर बंद होत नाही, हे आयटीआयत पहिल्या महिन्यात शिकवतात. मी वायर धरून अंगणात गेले. खड्ड्यावरचा दगड सरकवला. सळईला माझी हिरवी वायर होती, आणि तिच्याखाली, गंजलेल्या तारेनं आवळलेली, एक जुनी काळी वायर. घराची न्यूट्रल. घरात आलेला करंट जिच्यातून खांबावर परत जायला हवा, ती खांबावर गेलीच नव्हती. आमच्या घराची लाईट इतकी वर्षं जमिनीत परत जात होती. जमीन ओली असेपर्यंत ती निमूट गिळायची. कोरडी पडली, वर कूलरचा भार आला, की तोच करंट माझ्या हिरव्या वायरीतून चढून डब्यावर येऊन बसायचा.

आत्याबाई मागं येऊन उभ्या होत्या.

"ते यायनं बांधलं व्हतं," मामाजींचं नाव न घेता त्या हळू म्हणाल्या. "खांबावरची तार तुटली व्हती तवा. मले म्हणाले, लाईट मंद झाली का खड्ड्यात बादलीभर पानी टाकत जाय."

"मंग? टाकलं तुमी?"

"इतके साल टाकलं न. बल्ब पिवळा दिसला का टाकत व्हती."

"मंग आता काहून नाही टाकत?"

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी मी त्यांच्याकडं महिनाभर टाकत होते.

"लाईट मंद होतेच कुठी आता? तुहा डब्बा आला तवापासून एकसारखी हाय."

मी खाली बसले. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. बल्ब त्यांना सांगायचा, पाणी टाका. तो बल्ब मीच माळ्यावर टाकला होता. घरात व्होल्टेज पडत होतं, आणि माझा शहाणा सप्लाय ते झाकून उजेड देत होता. एखाद्या दुपारी त्यांनी मनगटाऐवजी मुठीनं पत्रा धरला असता आणि करंटनं मूठ सुटलीच नसती तर? मी दाराआड उभी राहून हसत असते.

मेन स्विच पाडला. दुसऱ्या दिवशी लाईनमननं खांबावरून न्यूट्रल ओढून दिली आणि खड्ड्यातली काळी वायर सोडवली. कूलरही धडाक्यानं फिरायला लागला. पत्र्यावर मल्टीमीटर शून्य दाखवत होता.

"आता नाही चावत," मी आत्याबाईंना म्हटलं. "लावा हात."

त्यांनी हात पदरात घेतला. "आदी तू."

मी हात ठेवला. त्या माझ्या हाताकडं बघतच नव्हत्या, पायांकडं बघत होत्या.

"चप्पल काढ."

मी चपला काढल्या. फरशी ओली होती. उलटा हात पत्र्याला लावला आणि तसाच ठेवला. मग त्यांनी एक बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं, आणि कोनाड्यातून चंची घेतली.

टेबल अजून तिथंच आहे, चंचीही. त्या दुपारी येतात, पाणी शिंपडतात आणि आधी माझ्या पायांकडं पाहतात. मी चपला काढते, डब्याला हात लावते, आणि मगच त्या हात पुढं करतात.