रोडग्यावर कियांती

सोनाळ्यापासून देऊळघाटापर्यंत कोणालाही विचारा, दारूबंदीच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात युरोपातल्या दारूची पारख असलेला माणूस एकच होता, आणि तो माझा साडभाऊ होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मोठ्या लढाईत पलटणीचा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून तो इटलीत गेला. तिथल्या एका द्राक्षमळेवाल्याच्या गोठ्यात याच्या चुली मांडल्या गेल्या, आणि त्या म्हाताऱ्याने हिवाळाभर तळघरातली देशोदेशीची एकेक बाटली उघडून याला चव शिकवली. परत आला तेव्हा ट्रंकेत एक घोंगडी आणि एक कढई. बाकी सगळं जिभेवर. मी चौथीतून उठलो तो थेट औतामागे गेलो, पण चव मला कोणी शिकवावी हे मला कधी पटलं नाही, म्हणून आमचं नेहमी वाजायचं.

कोणाच्याही पंगतीत बसला की याचं सुरू. पिठलं वाढलं की, "याले जर्मनीची पांढरी, मोझेल नदीकाठची. विहिरीत दोन घंटे टांगून ठेवा, मंग वरून कच्च्या कैरीचा वास येते, खालून ओल्या दगडाचा." ठेचा दिसला की हात जोडायचा, "ठेच्यावर लाल घेऊ नका बाप्पा, तोंडात वणवा लागन. गोडसर पांढरी घ्या." जसं काही आमच्या प्रत्येकाच्या फडताळात दोन्ही ठेवल्या होत्या! मटणाच्या रश्श्याला फ्रान्सची बोर्डो, "पिकलं जांभूळ, अन् मांगून नव्या जोड्याचं चामडं." एकदा तर तेरवीच्या जेवणात बुंदीच्या लाडवाला पोर्तुगालची गोड सुचवून बसला. मेलेल्याचा भाऊ भडकला, "काऊन बे, माह्या भावाच्या तेरवीत कलालाचं दुकान मांडतं काय?" हा शांतच. "मांडत नाई भाऊ, सांगून राह्यलो फक्त. तुमच्या भावाले आवडली असती." त्यावर त्या भावाने डोळे पुसले आणि आणखी एक लाडू मागितला. स्वतः मात्र याने लढाईवरून आल्यावर थेंबाला हात लावला नव्हता. गावठी कोणी पुढे केलीच, तर लांबून वास घेऊन म्हणायचा, "हे कंदिलात टाका."

असा माणूस जवळचा असताना लेकीचं लग्न जमवायचं होतं. चार ठिकाणं येऊन गेली होती. पाचवं जानेफळचं आलं. मुलगा चांगला, आणि लेकीने दाराआडून पाहून मायला होकार दिलेला. पण मुलाचा बाप कडक माळकरी. एके ठिकाणी नवरीच्या काकाच्या तोंडाला वास आला, म्हणून भरल्या ताटावरून उठलेला. मी सकाळीच साडभाऊला बजावलं, "आज तोंड फक्त जेवायले उघड."

"हाव," म्हणाला.

गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप. पहिला रोडगा त्याने मुकाट खाल्ला, दुसराही. तिसऱ्याला डोळे मिटले, आणि मला कळलं, आता खेळ खलास.

"या रोडग्याच्या धुराले," तो म्हणाला, "इटलीची कियांती पाह्यजे. लाल, पातळ, जराशी तुरट."

पंगत थांबली. मुलाच्या बापाचा हात पत्रावळीवर तसाच राहिला. आत लेकीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"घेता तुम्ही?" पाहुण्याने विचारलं.

"लढाईवरून आलो तवापासून नाई."

"मंग हे काय?"

"जीभ इसरत नाई जी. मी काय करू?"

पाहुण्याने पत्रावळीवरच्या भाजीकडे बोट केलं. "जीभ एवढी हुशार असन, तं दारू सोडा. या भाजीतलं सांगा."

साडभाऊने घास घेतला. "वांगं आज सकाळचं. खोबरं जरा जास्त भाजलं. अन् मीठ दोनदा पडलं. पहिलं बेतानं पडलं, ते पोरीचं. दुसरं भेदरून पडलं, ते तिच्या मायचं."

आतून माझी बायको ओरडली, "पडलं असन! चार डाव पाहुणे येऊन गेले, हात कापत नाई काय?"

तो माळकरी असा हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "पोरीचा हात धीट हाये म्हणता?"

"पलटणीत असती तं हजार माणूस जेवू घातलं असतं तिनं."

"मंग पोरगी आमची. अन् इवाई," हे मला, पहिल्यांदाच व्याह्याच्या नात्याने, "लग्नात या साडूले माह्याजवळ बसवा."

लग्न झालं. निघताना लेकीने मावशाच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडता रडता हसून विचारलं, "मावसाजी, माह्या संसाराले कोणती?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "नवी हाये बाई. आत्ताच उघडली तं आंबट लागन. मुरू दे. मंग सांगतो."

ते सांगायचं राहूनच गेलं. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. परवा लेक आली, कडेवर पोरगी, दंड भरलेले, आवाज सासूसारखा खणखणीत. मला वाढताना म्हणाली, "बाबा, मावसाजीनं सांगितलंच नाई."

मी जन्मात थेंब चाखलेला नाही. तरी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणालो, "लाल. जड. पिकल्या बोराचा वास. अन् अजून वीस वर्सं मुरन."