गार इंजिनावर

सुप्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो माणूस आधी आमच्या दारात यायचा. हे एका कंपनीची बस चालवायचे. त्याआधी बरीच वर्षं शेवगावजवळच्या एका मोठ्या घरी साहेबांची गाडी चालवत होते. ती लांबलचक पांढरी गाडी होती. आतली सीट गादीसारखी मऊ, काचा बटणावर वरखाली व्हायच्या. तशी गाडी त्या वेळी आसपास दुसरी नव्हती असं हे सांगायचे. त्या गाडीवर हात बसल्यामुळे यांना गाडीतलं कळतं, असा लोकांचा विश्वास होता. तो खोटा नव्हता.

बघायला आणलेली गाडी हे लगेच बघत नसत. रात्रभर दारात राहू द्या म्हणायचे. सकाळी उठल्यावर चहासुद्धा न घेता बाहेर जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचे. "गरम इंजिन गोड बोलतं," असं त्यांचं म्हणणं होतं; खोट कळते ती गार असताना. मग गाडी सुरू करून मागे जायचे आणि धुराचा रंग बघायचे. निळा धूर असला तर इंजिन तेल खातंय. तेलाची पट्टी काढून बोटावर पुसायचे. तेल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पायाखालच्या चटया उचलायचे. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखाली हात घालायचे, कारण पाणी तिथं साचतं आणि पत्रा तिथून कुजतो. मीटर किती का कमी दाखवेना, ब्रेकच्या पेडलवरचं रबर झिजलेलं असलं तर ते मीटरवर विश्वास ठेवत नसत. मी दारात भांडी घासताना हे सगळं बघायची. कधी समोर जाऊन उभी राहिले नाही, पण बघून बघून मला ते पाठ झालं होतं.

मोठी जुनी गाडी घ्यायला कुणी निघाला तर हे त्याला आधी घाबरवायचे. म्हणायचे, हत्तीची किंमत विचारू नका, तो रोज खातो काय ते विचारा. असल्या गाडीचा एक दिवा फुटला तर मुंबईला माणूस पाठवावा लागतो.

आणि मग एक दिवस नगरच्या स्टँडवर यांना साहेबांच्या घरचा जुना गडी भेटला. साहेब ती गाडी विकणार आहेत असं त्यानं सांगितलं.

त्या दिवसापासून यांचं जेवणात लक्ष राहिलं नाही. पुढच्या लग्नसराईत गाडी भाड्यानं द्यायची, नवरदेवाला बसवायचं, स्वतः चालवायची, असं त्यांच्या मनात पक्कं झालं. नोकरी सोडतो असं कंपनीत सोमवारी सांगून टाकतो म्हणाले. आमच्या थोरल्या मुलीला दमा होता. कंपनीच्या कार्डावर तिला दवाखाना मिळत होता, औषध मिळत होतं. थंडीत तिची छाती वाजायला लागली की ते कार्ड मी उशाशी घेऊन झोपायची. नोकरी गेली म्हणजे कार्ड गेलं. मी एकदा हळूच तेवढं बोलून बघितलं. हे म्हणाले, गाडी एकदा चालायला लागली की तिला नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, त्याच गाडीत बसवून. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला पुढं बोलवेना.

गाडी बघायला निघायच्या दिवशी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वैनी, सवत आणायला तुमीबी निघालात व्हय?" मी हसून सोडून दिलं.

मी निघाले होते कारण माझी बहीण शेवगावात दिली होती, तिच्याकडे मुक्काम करायचा होता. आणि येताना मला मागच्या सीटवर बसवून आणायचं असं यांनी ठरवलं होतं. इतक्या वर्षांत हे स्वतः त्या सीटवर कधी बसले नव्हते.

त्या घरी यांचा कप वेगळा असायचा हे इथं लिहायला हवं. आम्ही बौद्ध. गाडीच्या शेडच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तो कप पालथा घातलेला असायचा. कुणी वाईट बोलत नसे, की कधी शिवी देत नसे. वरून चहा ओतला जायचा आणि प्यायल्यावर कप यांनीच विसळून परत पालथा घालायचा, इतकंच. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर यांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना एकसारखे ग्लास होते. तिथली नोकरी धरली त्याला तेही एक कारण असेल.

शनिवारी दुपारच्या एसटीनं आम्ही गेलो. येतोय असा निरोप यांनी आधीच पाठवला होता. दुसऱ्या कुणासाठी गाडी बघायला जाताना हे असा निरोप कधी देत नसत, विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो म्हणून. माझ्या ते लक्षात आलं.

साहेब व्हरांड्यात होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण समोरच्या खुर्च्यांकडे हात केला आणि म्हणाले, "बसा."

हे मागं वळून बघायला लागले, कुणाला म्हणतात म्हणून. साहेब परत म्हणाले, "बसा हो, बसा." मग हे बसले. मीही बसले, खुर्चीच्या अगदी काठावर. बाईसाहेब बाहेर आल्या, मुलांची चौकशी केली. चहा आला तो साहेबांच्या चहाबरोबर एकाच ट्रेमध्ये, फुलांच्या कपबशांतून. घरी हे चहा बशीत ओतूनच पितात. तिथं त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि एवढाएवढासा घोट घ्यायला लागले. बशीला हात लावला नाही.

गाडी समोरच नारळाच्या सावलीत उभी होती. धुऊन पुसून चकचकीत केली होती. सासरी दिलेली लेक दुरून बघावी तसे हे तिच्याकडे बघत होते.

साहेब म्हणाले, "तुम्ही काय बघायचं तिच्यात? तुमच्याच हातातली गाडी. दुसऱ्या कुणाला द्यायला मला बरं वाटलं नसतं."

"व्हय साहेब," हे म्हणाले, "बघायचं काय त्यात."

मी वाट बघत होते. आता उठतील, बॉनेटवर हात ठेवतील. ते उठले नाहीत. त्या घरात, त्या खुर्चीवर बसून, तो चहा पिऊन त्या घरच्या वस्तूत खोट काढायची, हे त्यांच्यानं होणारच नव्हतं. मला ते कळत होतं. इसाराचे पैसे खिशात होते. कप खाली ठेवला की हात खिशाकडे जाणार हे मला दिसत होतं, आणि डोळ्यांसमोर मुलगी येत होती, उशीला टेकून श्वास ओढणारी.

हात धुवायचे आहेत असं मी बाईसाहेबांना म्हणाले. नळ गाडीच्या पलीकडे होता. जाताना मी बॉनेटवर हात ठेवला. उन्हानं तापलेला पत्रा वेगळा असतो, आणि इथं तर सावली होती. शेवटची भाकरी उतरल्यावर तवा असतो तसा तो पत्रा आतून गरम होता. मागचं दार आम्हाला बघायला म्हणून उघडंच ठेवलं होतं. आत नवा लाल गालिचा घातला होता. मी वाकून त्याचा कोपरा उचलला. खाली डांबर फासलेला पत्रा होता, कडेला ओल होती, आणि एका ठिकाणी बोट जाईल एवढ्या फटीतून खालचं गवत दिसत होतं. परतताना माझे पाय तिथंच आले असते.

मी परत गेले ती यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. चारचौघांत मी कधी बोललेली नाही. चौथीतसुद्धा बाईंनी उभं केलं की मी रडायची. यांचा हात खिशाकडे गेला तेव्हा मी म्हणाले, "अहो, बॉनेट गरम हाय."

हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेब हसले. "ड्रायव्हरची बायको शोभते खरी," म्हणाले.

यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. कप अर्धा होता, तो त्यांनी खाली ठेवला. हात खिशातून रिकामा बाहेर आला. मग म्हणाले, "साहेब, सकाळी एकदा गार इंजिनावर बघून घेतो. नेम हाय माझा."

"बघ की," साहेब म्हणाले. "नाही कोण म्हणतंय?"

बहिणीच्या घरी चालत निघालो. हे पुढं, मी मागं. मी गालिच्याखालची फट सांगितली, तेव्हा नुसती मान हलवली. गाव आल्यावर थांबले आणि म्हणाले, "चहा तरी पुरता पिऊ द्यायचा हुतास."

सकाळी गेलो तेव्हा व्हरांड्यात खुर्च्या नव्हत्या. गाडी शेडमध्ये नेऊन लावली होती. गड्यानं चावी आणून दिली. थोड्या वेळानं चहा आला, तो शेडमध्ये. स्टीलचा ग्लास बाजूच्या बुटक्या भिंतीवर ठेवून गडी निघून गेला. यांनी ग्लासाकडे बघितलं, मग कोनाड्याकडे. कोनाड्यात आता तेलाचे रिकामे डबे होते. यांनी अंगातला नवा शर्ट काढून माझ्याजवळ दिला आणि बनियनवर गाडीखाली आडवे झाले.

त्या दिवशी त्यांनी काहीच सोडलं नाही. गाडी दोनदा कुरकुरून तिसऱ्या वेळी सुरू झाली आणि निळ्या धुरानं शेड भरून गेली. पट्टीवरचं तेल पांढुरकं निघालं. स्टेपनीखालच्या खड्ड्यातून त्यांनी पत्र्याचा भुगा मूठभर काढला. परक्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं एकेक मोठ्यानं सांगत होते, पण ऐकायला मी एकटीच होते. मला वाटत होतं, पुरे आता. दाराच्या रबराखाली त्यांच्या वेळच्या जुन्या रंगाची रेघ उरली होती, तिच्यावर नुसतं बोट फिरवलं.

साहेब व्हरांड्यात आले. "झालं का रे तुझं?"

"झालं साहेब. न्हाई घेता यायची."

"तुझ्याच हातातली होती ना ती?"

"हुती," हे म्हणाले. "नंतर लई पावसाळे बाहेर उभी राहिलीय ती, साहेब."

साहेबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. गाडीतलं मला काय कळतं, असं काहीतरी म्हणून ते आत गेले. यांची बॉनेट दोन्ही तळव्यांनी दाबून हळू बंद करायची सवय होती, तसंच त्यांनी ते बंद केलं. मग भिंतीवरचा ग्लास उचलला. चहावर साय धरली होती. तो त्यांनी नारळाच्या बुंध्याशी ओतला, नळावर ग्लास विसळला आणि भिंतीवर पालथा घातला. हात आपोआप तसे चालले असावेत. नंतर त्या पालथ्या ग्लासाकडे बघत ते उभे राहिले, आणि मी शर्ट पुढं केला तरी त्यांना कळलं नाही.

सोमवारी ते कंपनीत गेले. कार्ड राहिलं. त्या थंडीत मुलीला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि दोन्ही वेळा ती घरी आली. मी केलं ते चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

पण गाडी बघून द्यायचं यांनी बंद केलं. लोक येत राहिले. डोळ्यांना नीट दिसत न्हाई आता, असं सांगून हे त्यांना परत पाठवत. बस मात्र रोज चालवत होते. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, त्या घराचं नावही परत काढलं नाही.

आताही घरी हे चहा बशीत ओतूनच पितात. मी कप काठोकाठ भरून देते आणि समोर बसते. सांगायचं कितीही घाईचं असलं तरी शेवटची बशी संपेपर्यंत मी काही बोलत नाही.